एकाच रंगाच्या तारा

– नाही, नाही, पेटी खाली ठेवा, आणि आत कसे येणार, अहो, बोलायचं ते या खिडकीतूनच. आमची सगळी गिऱ्हाइकं इथूनच बोलतात. गजांखालच्या या फटीतून मळके कपडे आत, धुतलेले बाहेर – लाँड्रीला याहून मोठं दार लागतंच कशाला? उद्या देव प्रसन्न झाला तर त्यालाही या खिडकीतूनच दर्शन द्यावं लागेल. सगळी लाँड्री एका जागेवरून चालवणारं तुमचं हे यंत्र चांगलं असेल, मी कुठे नाही म्हणतोय? गल्लोगल्ली बसलंय म्हणता, कोणताही मिस्त्री दुरुस्त करतो म्हणता, सुटे भाग कुठेही मिळतात म्हणता. पण आमचं यंत्र तसलं नव्हे. ते जावईबापूंनी स्वतःच्या हातांनी घडवलंय. धुण्याची यंत्रं, बॉयलर, पाण्याची मोटार, वरच्या घराचे दिवे – सगळं त्या भिंतीवरच्या एका पेटीतून चालतं, आणि ती पेटी चालते जावईबापूंच्या मोबाइलवरून. असं यंत्र जगात दुसरं नाही. हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगत असे, बरं का. जगात दुसरं नाही! – माणसाला कशाकशाचा अभिमान वाटतो.

तारा? हां, दिसतात तुम्हाला तिथून. सगळ्या काळ्या. तुमच्या यंत्रात लाल वेगळी, निळी वेगळी, हिरवी वेगळी, हो ना? इथे तसं नाही. जावईबापू परगावी गेले असताना मी एकदा वायरमन बोलावला होता. त्याने झाकण उघडलं, पाहिलं, आणि तसंच लावून टाकलं. म्हणाला, आजोबा, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. मग मी जावईबापूंना सहज विचारलं, की रंग वेगवेगळे घेतले असते तर? हसले. म्हणाले, मला कळतंय ना, झालं तर. – आणि दुसऱ्या दिवशी वर गरम पाणी आलं नाही. छे, छे, रागावले नाहीत. ते कधी रागावत नाहीत. नुसतं काहीतरी बंद पडतं.

मी आपला पहाटे उठून नाम घेणारा माणूस. तेवढीच माझी विद्या. आता त्या नामाचंच पाहा – किती जणांच्या तोंडून ते आलं, किती पिढ्यांच्या जिभेवर झिजून गुळगुळीत झालं. भजनात एकाचा गळा बसला तर शेजारचा चरण उचलून धरतो, भजन काही थांबत नाही. ते कोणा एकाच्या खिशात राहिलं असतं, तर आमच्यासारख्यांनी काय केलं असतं? जन्मभर मळलेल्या वाटेने चाललो आणि धंद्यात मात्र मला नवलाई सुचली. नवलाई तरी कसली – घरचा माणूस, लेकीचा नवरा, त्याच्या कौतुकात हात कसा आखडायचा? आधी धुण्याची यंत्रं जोडली, मग बॉयलर, मग दिवे, मग – मग काय, जाऊ द्या ते.

चहाला? कोपऱ्यावर? आणि तिथल्या लाँड्रीतलं यंत्रही दाखवणार? भले माणूस आहात. पण गुडघे, हो. शिवाय बॉयलर चालू. – लेकीला पाठवू म्हणता? आली असती, तिला यंत्रातलं माझ्याहून जास्त कळतं. पण तिलाही नाही यायचं आत्ता. का म्हणजे? – दार बंद आहे. आमच्याकडून नाही उघडत हो. कुलूपही त्या पेटीवरच आहे. मोबाइलवर बोट ठेवलं की उघडतं, आणि मोबाइल जावयापाशी. सुरक्षितता म्हणतो तो. सकाळी जाताना लावतो, आला की उघडतो. … असे पाहू नका माझ्याकडे. परवा वाफ कोंडली. झडप अडकली, खोली पांढरी झाली, लेक मला दिसेना, नुसता खोकला ऐकू येतोय – मी दार बडवतोय, ती फोन लावतेय. उचलला त्याने. सावकाश म्हणाला, “तुला साधं कुलूप हवं होतं ना?” – आणि मग उघडलं. तिने मागितलं होतं ना आदल्या दिवशी. किल्लीचं कुलूप, एक किल्ली त्याला, एक आम्हाला. सगळ्या जगाच्या दाराला असतं तसं.

पोलिस? नको, नको, लेकीचा संसार चव्हाट्यावर – नको. तार तोडा म्हणता, पण कोणती? दाराची म्हणून तोडावी आणि बॉयलरची निघावी! … हळू बोला. एक विचारू? दार त्याने नवं बसवलं, कुलूप नवं बसवलं, पण बिजागऱ्या जुन्याच ठेवल्या, माझ्या वडिलांच्या वेळच्या, आणि त्या आतल्या बाजूला आहेत. साधे स्क्रू. घरातली सगळी हत्यारं तो गाडीत घेऊन फिरतो, नाहीतर – तुमच्या पिशवीतला तो पेचकस बसेल त्यांना? कोणताही बसतो? कोणताही! – द्या. असा नाही, तुमच्या पेटीवरच्या त्या चादरीत गुंडाळून फटीतून सारा, धुवायला दिल्यासारखा. बाळ, ही चादर घे गं. नाही, उलगडू नको. तळाशी ठेव. त्यावर कपडे रच –

– अहो, किती वेळा सांगू, नको आम्हाला तुमचं यंत्र! हे पाहा, जावईबापूच आले, हवं तर त्यांना विचारा. आमचं उत्तम चाललंय. असं यंत्र जगात दुसरं नाही. या, जावईबापू, या. नाही हो, कोणी नाही, फेरीवाला आहे, निघालाच होता. – आता काय पाहता? तुमचं इथे काही राहिलेलं नाही. काहीएक राहिलेलं नाही. चला, निघा.