डावा नऊ, उजवा आठ

...आणि वर मलाच विचारतात, "बूट घ्यायला एवढा वेळ?" अहो, बूट एक नाही, दोन घ्यावे लागतात, तिथंच तर सगळी भानगड आहे! बसा, सांगतो. तुम्हीही बूट घालूनच आला आहात, तुमच्याही उपयोगाचं आहे.

तर मी धावतो. हां, बघा, लगेच पोटाकडे बघितलंत! शर्यतीत नाही हो. आपलं रोज सकाळी घरापासून तळ्यापर्यंत आणि तळ्यापासून घरापर्यंत, डांबरी रस्त्यानं. त्यासाठी हवा होता एक साधा बूट. रोजचा. उडवणारा नको, चमकणारा नको. पण तुम्हाला सांगतो, या जगात धावणारी माणसं कमी आणि धावण्याच्या बुटांबद्दल बोलणारी माणसं फार! शेजारचे म्हणतात, "जाड तळव्याचा घ्या, गुडघे वाचतील." आमची आई फोनवर, "अरे, पातळ घे, जाड तळव्यावरून पडशील." मी कामाला आहे त्या दुकानाचे मालक तर कधी जिन्यानंसुद्धा चढलेले नाहीत, तेही म्हणाले, "टाचेला उंची बघून घे हं." अहो, पाय कुणाचे? माझे! पण मला विचारलं कुणी?

आता एवढं डोकं का खाऊन घेतलं, तर माझ्या डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. एकदा नाही, दर बुटात. आणि बूट सैल घ्यावा तर उजवी टाच आत अशी सरकायची, की फोडावर फोड. डॉक्टर म्हणाले, "बूट तरी बदला, नाहीतर धावणं तरी सोडा."

सोडा! किती सहज म्हणाले... तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या माळ्यावर एक कोपरा आहे, बायको त्याला 'साहेबांचं संग्रहालय' म्हणते. त्यात एक गिटार आहे, तिची एक तार वाजलेली आहे. पोहण्याचा चष्मा आहे, कोरडा. रंगपेटी आहे, त्यातला फक्त निळा संपलाय, कारण मी फक्त आभाळ केलं होतं, खालचं राहिलंच. आयुष्यात मी कुठलीच गोष्ट धरून ठेवली नाही, फक्त हे धावणं टिकलं. पहिल्यांदाच! आणि मी लंगडत घरात आलो, की बायको शांतपणे विचारायची, "अहो, माळ्यावर जागा करू का?" ती चेष्टेतच म्हणायची हो, पण मला आत कुठंतरी लागायचं. वाटायचं, खोट आपल्यातच आहे. बूट काय करणार बिचारा?

तर शेवटी निघालो दुकानात. एकटाच जाणार होतो. पण दारात कोण उभं? आमचे साडूभाऊ! बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. धावण्यातले महापंडित. कुणाच्या घरी जेवायला बसलो तरी हे टेबलाखाली वाकून माझे पाय बघणार! "चल, मी येतो. तुला बुटातलं काय कळतं?" अहो, पाय कुणाचे?... जाऊ दे.

दुकानातल्या बाई फार उत्साही. "सर, कुशन हवंय की रिस्पॉन्स?" म्हटलं, "बाई, बूट हवाय." "तुमची आधी टाच पडते की चवडा?" म्हटलं, "घाईत असलो तर मी सगळाच पडतो." मागून साडूभाऊ, "याची टाच पडते, टाच! मी पाहिलंय!" मग काय, खोक्यावर खोकी. हा मऊ, हा कडक, हा लांब पल्ल्याचा, हा म्हणे रस्त्याशी संवाद साधतो. मला कशाला हवाय रस्त्याशी संवाद? घरी कमी होतो का? शेवटी एक करडा बूट जरा बरा वाटला. बाईंनी त्यातला आठ नंबर काढला, साडूभाऊंनी नऊ काढायला लावला, आणि दोघं माझ्या डोक्यावरून भांडायला लागले. "सर, आठच!" "अहो, नऊ! धावताना पाय फुगतो!" पाय कुणाचे? माझे! मी वैतागलो, त्या पसाऱ्यात हाताला लागला तो डावा आणि हाताला लागला तो उजवा चढवला, नाड्या आवळल्या आणि म्हटलं, "बाई, कोपऱ्यापर्यंत धावून बघतो."

कोपरा आला. आणि तुम्हाला सांगतो, काहीच दुखेना! नख गप्प, टाच गप्प. म्हटलं, पुढच्या कोपऱ्यापर्यंत बघू. तिथंही गप्प! मग मी थांबलोच नाही हो! मागून बाई ओरडतायत, "सर, बूट! सर, बिल!" त्यांच्या मागून साडूभाऊ, "टाच! टाच!" आणि मी आपला अख्ख्या बाजाराला वळसा घालून, हसत, घामानं निथळत परत दुकानात. जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू!

बूट काढले. उलटे करून बघितले. डावा नऊ. उजवा आठ.

कपाळावर हात मारून घेतला! कारण मी पोटापाण्यासाठी काय करतो माहितीये? चष्म्याच्या काचा बसवतो. वर्षानुवर्षं काउंटरवरून घाबरलेल्या गिऱ्हाइकाला सांगतोय, "अहो, दोन डोळ्यांचा नंबर सारखा नसतो, त्यात काही बिघडलेलं नाही, डाव्याची काच वेगळी, उजव्याची वेगळी." आणि स्वतःच्या पायांना जन्मभर एकच नंबर! माझ्यात खोट नव्हती हो. माझा फक्त डावा पाय मोठा होता. तिथंच स्टुलावर बसून मला रडू यायचं बाकी होतं.

पण बाई म्हणाल्या, "सर, जोडी फोडता येणार नाही." दोन्ही जोड्या घ्या म्हणे. आणि उरलेला डावा आठ, उजवा नऊ कुणाला घालू?

तर साडूभाऊंनी काय करावं? दाराकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, माझ्या शेजारी बसले आणि हळूच आपला डावा बूट काढला. आत मोजा. त्या मोज्यावर आणखी एक मोजा! "माझा उजवा मोठा आहे," कानात कुजबुजले, "म्हणून डाव्यात दोन घालतो. कित्येक वर्षं. आमच्या हिलासुद्धा माहीत नाही."

मला इतकं बरं वाटलं! म्हणजे टेबलाखाली वाकून हा माणूस माझ्या चुका शोधत नव्हता, जोडीदार शोधत होता. घेतल्या दोन्ही जोड्या, वाटून घेतल्या तिथंच. नख गुलाबी झालं. माळ्यावर जागा करू का, हे विचारणं बायकोनं सोडून दिलं. सगळं छान!

फक्त एक झालं. माझे बूट झिजले, की त्यांचेही झिजायला हवेत, नाहीतर नवीन जोड्या फोडणार कशा? त्यामुळे आता रोज पहाटे फोन. "उठलास का? काल तू तळ्याला हात लावून परत आलास म्हणे. मी पलीकडच्या पुलापर्यंत गेलो होतो. माझा तळवा जास्त झिजलाय, तू भरून काढ!" मी म्हणतो, "साडूभाऊ, आज पाय दुखतायत." तर म्हणतात, "कुणाचे?"

म्हटलं... "आपले." आणि उठलो.