आप्पांच्या हातातली लडी

—नाही, असे नाही आप्पा, तळवे समोरासमोर करा, मधे कलिंगड धरलंय समजा — हां, अंगठे वर — बस्स. आता ही लडी तुमच्या दोन्ही हातांत अडकवतो, अडकवली, झालं. आता हलायचं नाही. म्हणजे हलायचं, पण थोडंसंच — सूत या हातावरून सुटलं की हा हात जरा तिरपा, त्या हातावरून सुटलं की तो. जमतंय की! पहिल्यांदाच धरता ना? वाटत नाही. किराणा दुकानवाल्याचा हात, पुड्या बांधून बांधून दोऱ्याला सरावलेला असणार. मी इकडं गुंडा करत जातो, लडीवरून सरळ विणायला घेतलं तर असा गुंता होतो की नवरा-बायकोचं भांडण बरं. आणि मी खाली बघून बोललो तर राग मानू नका, नजर हटली की गुंडा सैल जातो. तुम्हाला काही बोलायचं असेल तर बोला ना — नाही, आत्ता नको, आत्ता इथं एक गाठ आलीय.

एरवी वर्षाच धरते लडी. तिची आई धरत नाही, रंजनाच्या हाताला म्हणे खाज सुटते. ती गेलीय पर्वत पाटियाच्या बाजाराकडं, भाजी घेईल आणि पोरीला घेऊनच येईल — पोरगी तिथं साड्यांच्या दुकानात ऑर्डरींचं काम बघते, हे तुम्हाला रविवारी सांगितलंच आहे, तुम्ही सगळे तिला बघायला आलात तेव्हा. आज एकटेच आलात. फोन न करता आलात ते बरंच केलं, आपल्या माणसाला फोन कशाला लागतो, आणि केला असतात तरी मी उचलला नसता, माझं फोनशी जमत नाही. चहा ठेवतो म्हटलं तर नको म्हणालात. पाण्याचा तांब्या तसाच. आता पाहुणा नुसता बसवून ठेवायचा कसा? म्हणून म्हटलं लडी तरी धरा.

हो, मीच काततो. तो काय पेटीचरखा, टीव्हीच्या खाली. त्या सुया माझ्या, तो अर्धा मोजाही माझा. हसा, सगळे हसतात. रंजना म्हणते, आयुष्य उधन्याच्या लूमखात्यात सुतात काढलं, आता घरी बसले तर परत सूतच? चक्कीवाला घरी जाऊन जातं ओढतो का? बरोबर आहे तिचं. पण लूमवरचं सूत वेगळं, आप्पा. ते पॉलिस्टर — ते तुटलं की लूम थांबतो, लूम थांबला की शेठचा माणूस येतो, त्यामुळं तुटणारं सूत म्हणजे वैरी. इथं तुटलं तर काय? थांबायचं, कापसाचा पेळू टोकाला लावायचा, चाक फिरवायचं, जुळतं. कुणी येत नाही. शाळेत टकळीवर शिकवायचे, गुरुजी मारायचे तरी मला जमायचं नाही, आता कुणी मारत नाही तर जमतं. शेजारचा गुजराती भाई पहिल्यांदा बघून म्हणाला, काका, सूत जोइए तो बोलो ने, उधन्यात पोतंभर कचऱ्यात पडलेलं असतं. चांगला माणूस आहे. पोतं आणूनही दिलं.

विणकाम मात्र मोबाइलवर शिकलो. एक पहाडी बाई आहे, गोरीपान, मागं डोंगर, ती शिकवते. ती काय बोलते ते मला अजून माहीत नाही — आवाजाचं काय काम, हात बघायचे. सुलटा टाका, उलटा टाका, बोटांना कळतं. आधी लोकर आणली होती. सुरतेत लोकर! दुकानदारानं मला विचारलं, काका, तबियत बराबर छे ने? स्वेटर विणला, उतरायणाच्या सकाळी गच्चीवर घालून उभा राहिलो, पतंग उडेपर्यंत घामानं भिजलो, आता ट्रंकेत आहे. मग शहाणपण आलं, सुताचंच विणायचं. पाण्याच्या बाटलीला झबलं, गॅसच्या रेग्युलेटरला टोपी, तुम्ही मघाशी बघत होतात ते रिमोटचं. एकदा जाळीचा रुमाल विणला, लय जीव लावून. रंजनानं त्याचं मसोतं केलं. पाणी चांगलं पितं.

डावा हात — डावा, आप्पा — हां. काही म्हणालात? ओठ हलल्यासारखे वाटले. असू दे, हे एवढं होऊ दे.

खरं सांगायचं तर कान गेलेत माझे. आता लपवून काय करू, लोटूनानानं सांगितलंच असेल, स्थळ त्यानंच आणलं आणि त्याच्या पोटात तीळ भिजत नाही. रंजनानं रविवारी मला बजावून ठेवलं होतं — तुम्ही आपले बोलत राहा, म्हणजे कुणाला काही विचारायला फुरसतच मिळणार नाही. मी बोलत राहिलो. तुम्हा सगळ्यांना वाटलं असेल, काय बडबड्या माणूस आहे. मी मूळचा असा नाही हो, मी मूळचा घुम्या. पण रक्तातलं नाही हे, देवाशपथ नाही. माझ्या बापाला म्हातारपणी पण दोन शेतं पलीकडून हाक मारली तर ऐकू जायची, आणि उलट शिवी यायची. हे लूमखात्याचं देणं आहे. उधन्यात पाळी सुटते तेव्हा चहाच्या गाडीवर जाऊन उभे राहा, सगळे भांडल्यासारखे बोलत असतात. भांडत नसतात. साखर कमी टाक म्हणत असतात. आणि आत लूम चालू असले की ओरडूनही उपयोग नाही, तिथं आम्ही ओठांवर बोलायचो. खात्याच्या त्या टोकाचा माणूस ओठ हलवायचा आणि या टोकाला मला कळायचं, त्याच्या घरी आज भाजी काय, सासू आलीय का गेली. ते अजून येतं मला. कान गेले, ते राहिलं.

रविवारचं म्हणून आठवतंय मला, नाहीतर कशाला आठवलं असतं. पोरगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली, तुमच्या वहिनींनी विचारलं, स्वयंपाक येतो का गं? आणि वर्षा म्हणाली — तुम्ही होतातच — येतो! — खालच्या मजल्यावरचं कुत्रं उठलं, असं रंजना म्हणते. आता तिचं काय चुकलं? घरात बाप असा. ती बोलायला लागली तेव्हापासून तिला तेच माहीत — समोर यायचं, तोंड दाखवायचं, हातवारे करायचे, मोठ्यानं बोलायचं, आणि समोरचा बोलायला लागला की त्याच्या ओठांकडं बघायचं. ओठांकडं बघायची तिला काही गरज नाही, ती माझी सवय तिला लागलीय, जशी दुसऱ्या पोरींना बापाची चहाची लागते. त्यात ती घाबरली होती. घाबरली की जास्तच मोठ्यानं बोलते. तुमच्या मंडळी तेव्हा वहिनींकडं वळल्या आणि अगदी हळूच म्हणाल्या — पोरगी बहिरी आहे गं, बापावर गेलीय. कुणाला ऐकू गेलं नाही. त्या भरलेल्या खोलीत ते मला एकट्याला ऐकू गेलं.

रंजनाला सांगितलं नाही. पोरीला तर नाहीच नाही. ती रविवारपासून गाणं म्हणत फिरते — मला गाणं कळत नाही, पण तिचा गळा हलताना दिसतो. कान गेले त्याचं मला काही वाटत नाही, आप्पा, त्या कानांवर हे घर झालं, तिचं शिक्षण झालं. पण माझ्या कानांची सजा तिला? तिनं कधी लूम बघितलेला नाही. आणि बहिरी पोरगी फोनवर बोलेल का हो, तेवढं तरी — तुमच्या योगेंद्रचा फोन येतो रोज, ती गॅलरीत उभी राहून भिंतीला तोंड लावून कुजबुजते, मी इथून बघतो, हसते काय, ओढणी चावते काय — हे तुम्हाला — तुम्हाला माहीत नव्हतं? पोरानं सांगितलं नाही घरी? अरे देवा. मग मी काही बोललो नाही असं समजा. हात खाली नका घेऊ, आप्पा, सूत लोंबतंय. चांगला पोरगा आहे तुमचा. त्याच्यावर रागवू नका, नंबर पोरीनंच दिला होता. हेही बोलायचं नव्हतं मला.

मी तुम्हाला दारात बघितलं तेव्हाच समजलो. हो म्हणायला आपल्याकडं माणूस एकटा येतो का? बायको येते, वहिनी येतात, पेढ्यांचा पुडा येतो, जागा पुरत नाही बसायला. एकटा येतो तो नाही म्हणायला. आणि नाही म्हणायला आलेला माणूस त्या घरचा चहा घेत नाही, पाण्याला शिवत नाही — मीसुद्धा घेतलं नसतं, तुमचं काही चुकलं नाही. म्हणून तर हात गुंतवले तुमचे. रंजना आली आणि तिनं भरलेला तांब्या बघितला तर ती दारातच खाली बसेल. आता मला सांगता येईल, आप्पांचे हात मोकळे नव्हते गं, कसं पिणार पाणी? बघा, वाईट युक्ती नाही. तुम्हाला अवघडलं असेल थोडं. खांदे सैल सोडा.

आणि हे सूत कशाचं ते तुम्ही विचारलंच नाही. मोज्यांचं नाही हे. हळदीचं आहे. हळदीच्या दिवशी पाटावर बसवून भोवती चार कोपऱ्यांत तांबे मांडून सूत फिरवतात ना आपल्यात, आणि मग त्याचंच कंकण बांधतात, ते. आता लोक रीळ आणतात बाजारातून, पॉलिस्टरचं, हळदीच्या पाण्यात बुडवलं तरी रंग धरत नाही. म्हटलं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींच्या साड्या पॉलिस्टरमध्ये विणल्या, निदान आपल्या पोरीला कापसाचं फिरवू. तुमचं स्थळ आलं त्याच दिवशी चरखा पुसला. रंजना म्हणाली, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. म्हटलं असू दे, नाही जमलं तर मोजे होतील. पण मोजे करायचं मन होईना, आप्पा. पोरगी गेल्यावर लडी खुर्चीच्या पाठीला अडकवायची हेही ठरवून बसलोय मी. खुर्ची बोलत नाही, तरी चालेल. ती या घरातून गेलेली मला चालेल. माझ्यापायी राहिलेली नाही चालणार.

आता बघा, मान वर केली मी. बोला. — नाही, थांबा, मला सांगून उपयोग काय? तुम्ही सांगणार, मी मान खाली घालणार, आणि तुमचं नाही इथं फरशीवर पडून राहणार, संध्याकाळी रंजना केरात काढेल. मी बापमाणूस, मी कुणाला काय सांगणार, शब्द माझ्या तोंडातून निघायचा नाही. थांबा — जिना हलतोय. मला तळपायांना कळतं. दोघी आल्या. उठू नका हो, लडी हातात आहे, तुटेल — तुटलं तर जुळतं, पण आज नको. रंजना खाली भाजीवालीशी अडकली वाटतं, एकटी पोरगीच वर आलीय. बघा, ती दारात, पाठमोरी, चपलेचा पट्टा अडकलाय तिचा नेहमीसारखा, तुम्ही बसलाहात हे बघितलंही नाही अजून तिनं. आत्ताच सांगा. तोंड तिकडं आहे, ओठ दिसायचे नाहीत तिला. सांगा, आप्पा, जे सांगायला आलात ते तिलाच सांगा. माझ्याशी बोलावं लागतं तसं मोठ्यानं नको. हळू सांगा. अगदी हळू सांगितलं तरी ऐकू येतं तिला.