काकांची जीप आणि पूजेचं लिंबू

काकांच्या जीपचं सांगते, पण त्यांच्यासमोर हसू नका. बागेतून संत्र्यांची भरलेली ट्रॉली ओढायची म्हणून त्यांनी जुन्या जीपमध्ये मोठं इंजिन बसवलं.

रामाकोना गावच्या मिस्त्रीने बजावलं होतं, "भाऊ, चाकं फिरवणारा शाफ्टही बदलावा लागन. जुना टिकणार नाही."

"शाफ्ट खाली रायते, कोणाले दिसते?" असं म्हणून काकांनी त्या पैशात टपावर चार झगमगीत लाइट लावले.

जीपच्या पूजेला अख्खी गल्ली बोलावली, मिस्त्रीलाही. "जावईबापू, ट्रॉली तं बैलच ओढतीन," म्हणणाऱ्या सासऱ्यांना खास पुढची खुर्ची दिली. ट्रॉली जोडली, चाकापुढे लिंबू ठेवलं.

"पाहा आता, मामाजी!" काकांनी जोरात रेस दिली आणि क्लच सोडला. इंजिन असं गरजलं की गल्लीतली कुत्री पळाली. मग खाडकन आवाज झाला आणि शाफ्ट तुटून खाली पडला. जीप तसूभरही हलली नाही.

"आता दिसला सगळ्यायले," मिस्त्री म्हणाला.

सासऱ्यांनी सावकाश वाकून लिंबू उचललं, पुसलं आणि काकूच्या हातावर ठेवलं. "सरबत कर, पोरी. याले तं खरचटलंही नाही."