फौजींच्या गावातला रडका माणूस

आमचं गाव कराडपासनं वरच्या अंगाला, ऊस हाय, पानी हाय, आन् घराघरात फौजी हाय. एखाद्या घरात दोन, एखाद्या घरात तीन. माझा बाप हवालदार हुता, अण्णा म्हनायचो आमी त्याला. थोरला भाऊबी फौजेत जाऊन आला, आता पेन्शनीवर हाय. आन् त्याच घरात मी, दिनकर. दिनकर नाव माझं रेशनकार्डावर हाय, पन गावात मला फुटकी घागर म्हनत्यात. आता वय झालं, तोंडावर कोन म्हनत न्हाई, माघारी म्हनत्यात, मला ठाव हाय.

काय सांगू तुमाला, मला रडू येतं. तुमी म्हनशीला त्यात काय, सगळ्यांनाच येतं. तसं न्हवं. मला कशानंबी येतं. कुनाच्या पोरीची पाठवनी असूं दे, कुनाचं वासरू बाजारात चाललेलं असूं दे, शाळंत एखाद्या गरिबाच्या पोराचा पयला नंबर आला आन् मास्तरनं त्याच्या गळ्यात हार घातला, की माझ्या डोळ्यातनं धार. दुखलं तर न्हाई येत. कडबा कापायच्या मशनीत बोट गेलं माझं, ह्ये बगा, अर्धंच हाय, तवा टिपूस न्हाई काढलं. पन दवाखान्यातनं घरी आलो आन् म्हाताऱ्या आईनं ताट वाढून माझ्या हातात घास दिला, तवा असा रडलो की शेजारची मानसं पळत आली, त्यांना वाटलं हात गेला का काय.

अण्णा रजा संपवून निघायचं तवा मी गळ्यातच पडायचो. दुसरी पोरं पिशवी उचलून स्टँडपर्यंत पळायची, आन् मी त्यांच्या पॅन्टीला धरून बसायचो. एकदा अण्णा म्हनलं, ह्याला घरात ठेवा, मानूस ड्युटीला चाललाय, मसनात न्हाई. तवापासनं अण्णा जायच्या दिवशी आई मला मागल्या परड्यात कायतरी काम लावायची. मी लहान हुतो पन मला कळायचं का लावल्यालं हाय ते.

भरतीला मीबी गेल्तो. उंचीत बसलो, छातीत न्हाई बसलो. गाव म्हनलं, बरं झालं, ह्यो तितं गेला असता तर दुश्मनालाच मिठी मारून रडला असता. मी हसलो सगळ्यांबरोबर. मंग दूध डेअरीत लागलो, सकाळ-सांज दूध मापून घ्यायचं, ते अजून करतोय. चांगलं काम हाय. सगळं गाव दोनदा दारात येतं, सगळ्यांची खबरबात कळती. पन त्यातबी एक हाय, तरनी पोरं मुद्दाम येऊन कायतरी वाईट सांगायची, अमक्याची म्हातारी अशी गेली, तमक्याचा बैल असा गेला, आन् माझ्या तोंडाकडं बगत बसायची, आलं का पानी. यायचंच.

लगीन माझं कुंडलात झालं. बायको सुशीला, तिकडची. आता हे तुमी लिवू नका म्हनलं तरी लिवनार, तर लिवा. पाठवनीच्या टायमाला नवरी उबी, तिच्या डोळ्याला पानी न्हाई, आन् मी तिच्या आईकडं बगितलं आन् मला सुरू झालं. थांबंना. तिचा चुलता म्हनला, अरं पोरगी आमची चाललीया का तुमचा पोरगा? सगळा मांडव हसला. अजून कुंडलात गेलो की कुनीतरी ते काढतंच. आन् सुशीला अजून म्हनती, मला त्या दिवशी लय रडायचं हुतं वो, पन तुमाला बगून माझं राहून गेलं.

मंग मी काय केलं, सवयीच बदलून घेतल्या. लग्नात अक्षता टाकायच्या, जेवायचं, आन् पाठवनीच्या आदी कायतरी सांगून निघायचं. कुनाच्या मातीला गेलो तर सगळ्यांच्या मागं, झाडाच्या आडाला. टीव्ही तर मी एकटाच बगतो. मिरजंला डोळ्याच्या डागदराकडंबी गेल्तो, म्हनलं, साहेब, डोळ्यातनं पानी येतंय. त्यानं बत्ती मारून बगितलं आन् म्हनला, डोळं चांगलं हायती मामा. मला वाटलं हुतं कायतरी रोग निघंल. रोग निघाला असता तर सांगाय बरं पडलं असतं. तरी मी औषधाच्या दुकानातनं एक थेंबाची बाटली घेतली आन् गावात सांगितलं, डागदरनं दिल्यात, डोळ्याला पानी येनारच. कुनाचा इस्वास बसला न्हाई.

पोरगं एकच झालं, सागर. अण्णांच्यावर गेल्यालं. उंच, छाती रुंद, बोलायला कमी. गल्लीतली पोरं त्याला लहानपनी घागरीचं पोर म्हनायची, घरी येऊन सांगायचा न्हाई, पन एकदा कुनाचं तरी डोस्कं फोडून आला तवा मला कळलं. रोज पहाटं पळायचा, आन् पयल्याच भरतीला लागला. गावात आनंद झाला, माझ्या भावानं पेढं वाटलं.

आमच्याकडं पोरगं निघालं की वाजंत्री असती, गुलाल असतो, बाया स्टँडवर ओवाळत्यात. सागरच्या बरोबर गावातली आनखी तीन पोरं हुती. आदल्या दिवशी दुपारी जेवताना त्यो ताटाकडं बगत म्हनला, आबा, तुमी उद्या स्टँडवर येऊ नका. सुशीलाचा हात भाकरीवर तसाच राहिला. ती म्हनली, असं काय बोलतुयास रं बापाला? त्यो म्हनला, सगळी पोरं असत्यात आई. मी म्हनलं, बरोबर हाय त्याचं, तसंबी सकाळी दूध कोन घेनार?

सकाळी मी डेअरीत. बाया दूध घालाय आल्या, म्हनल्या, आवं दिनूभाऊजी, पोरगं चाललंय आन् तुमी इथं? म्हनलं, कामाचं मानूस हाय मी. स्टँडकडनं ढोल ऐकाय येत हुता. माझ्या हातातनं दूध सांडाय लागलं, मापात पडंना. मंग जोडीदाराला म्हनलं, जरा बग, आलोच. आन् मी उसातनं वाट काढून फाट्याकडं पळालो. गावातनं निघालेली एसटी फाट्यावरनंच जाती. मनात एवढंच हुतं की गाडी जाताना पाठमोरी बगायची. सागरला दिसायचं न्हाई आन् कुनालाच न्हाई.

पन ड्रायव्हर वळखीचा. त्यानं मला बगितलं आन् करकचून ब्रेक मारला. म्हनला, चला मामा, बसा. मी म्हनलं, मला न्हाई यायचं. त्यो म्हनला, मंग उबं कशाला राहिलाय फाट्यावर? तंवर सगळी गाडी खिडकीतनं बगाय लागली. ती तिन्ही पोरं, डोक्याला फेटं, गालावर गुलाल. एक जन म्हनला, सागऱ्या, तुझा बा. आन् मी तर तवा पार भरून वाहत हुतो, टॉवेल घरीच राहिल्याला, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत हुतो. पोरं हसली. वाईट मनानं न्हवं, पन हसली. सागरनं माझ्याकडं एकदा बगितलं. मंग त्यानं मान फिरवली आन् पलीकडच्या खिडकीतनं बाहीर बगत बसला. गाडी गेली.

मी डेअरीत माघारी आलो आन् राहिल्यालं दूध मापलं. सांजंपर्यंत गावात झालं हुतं, घागर फाट्यावर जाऊन फुटली.

त्यानंतर फोन यायचा त्यो आईला. मला एवढंच, जेवलासा का आबा? व्हय जेवलो. तू? जेवलो. संपलं. ट्रेनिंग झालं, शपथंची परेड हुती, आई-बापांना बोलवत्यात तितं. सागर आईला म्हनला, तू काकांच्या बरोबर ये. सुशीला माझ्यापाशी कसं सांगावं म्हनून घुटमळत हुती, मीच म्हनलं, तुमी दोघं जावा, दादाला तिकडची सवय हाय. ती जाऊन आली, फोटो घेऊन आली. पोरगं कडक वर्दीत उबं हाय, बाजूला माझा भाऊ उबा हाय. नवीन मानसाला दावला तर भाऊच बाप वाटंल. फोटो भिंतीवर लावलाय आमी. आल्या-गेल्यानं इचारलं, तुमी न्हाई गेलासा, की मी म्हनतो, दूध हुतं.

ही पुढची गोष्ट ह्याच सालची. सागरचा एक जोडीदार हुता, आटपाडीकडचा, दोघं एकाच बराकीत. डोंगरात गाडी घसरली आन् त्यो पोरगा गेला. त्याला गावी आनायचं हुतं, तर सोबत सागरला पाठवलं, एकाच भागातली मानसं म्हनून. तितलं सगळं आटपून त्यो रजंवर घरी आला. दोन दिस जेवला, झोपला, बोलला न्हाई. मी त्याच्या आजूबाजूला फिरकत नव्हतो, म्हनलं, आपलं तोंड बगून त्याला आनखी तरास नको.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गोठ्यात म्हशीला पेंड घालत हुतो, तर त्यो आला आन् दाव्याच्या खुंटीपाशी बसला. म्हनला, आबा, तुमाला ते कसं येतं वो?

मी म्हनलं, काय?

रडू.

मला वाटलं आता ह्यो जुनं काडतोय. मी खाली मान घातली. पन त्यो तसं इचारत नव्हता. त्यो म्हनला, तितं सगळं गाव रडत हुतं आबा. त्याची आई माझ्या छातीवर डोकं आपटत हुती. आमचा साहेब रडला. मी उबाच. मनात म्हनत हुतो, रड, तुझाच जोडीदार हाय, पन आतनं कायच येईना. एक म्हातारी म्हनली, ह्यो दगडाचा हाय. मी प्रयत्न केला आबा, घरी येऊन तोंडावर चादर घेऊन लय प्रयत्न केला. मला येतच न्हाई.

मला कुनी शिकवलंय व्हय ते? मला तर ऐकतानाच सुरू झालं हुतं. पेंडीचं टोपलं हातात, आन् मी रडतोय त्या पोरासाटी, ज्याला मी कवा बगितलंबी न्हाई. आन् सागर माझ्या तोंडाकडं बगत बसला, उपाशी मानूस जेवनाऱ्याकडं बगतो ना, तसा. त्या नजरंची मला जेवढी लाज वाटली तेवढी फाट्यावरबी न्हाई वाटली. कारन मला तवा कळलं, हे माझ्यामुळंच झालंय. माझ्यासारखं व्हायचं न्हाई, व्हायचं न्हाई, म्हनून त्यानं लहानपनापासनं आतलं सगळं दाबून धरलं, आन् ते आता आटून गेलं.

मी म्हनलं, आपन त्या माऊलीकडं जाऊन येऊ. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर गेलो, आटपाडीच्या पल्याड. माळरान, डाळिंबाच्या बागा, दोन खोल्यांचं घर. मी दारातनं आत गेलो, तिला रामराम घातला, आन् तुमच्या पोराच्या जोडीदाराचा बाप हाय मी, एवढं सांगायच्या आतच माझा बांध फुटला. ती बाई, जिचं पोरगं गेलंय ती, उटली आन् मला पानी आनून दिलं. म्हनली, बसा दादा. रडा. माझं आता आटलंय, तुमी रडा. आता सांगा, मी तिला धीर द्यायला गेल्तो. अशी माझी तऱ्हा. सागर दारातच उबा हुता, त्यानं सगळं बगितलं. मंग ती त्याच्याकडं वळली आन् म्हनली, बाळा, तू त्या दिवशी पान्याचा घोटबी घेतला न्हाईस, मी बगत हुते. आज माझ्या हातचं खाऊन जा. तिनं बाजरीची भाकरी थापली, सागर चुलीपुढं बसून जेवला. डोळं कोरडंच, पन तिनं वाढलं तेवढं सगळं खाल्लं त्यानं.

रजा संपली. जायच्या दिवशी या म्हनला न्हाई, नको म्हनला न्हाई. मी आपला डेअरीत. तर पाठीवर बॅग घेऊन त्यो डेअरीतच आला, बाया-मानसं किटल्या घेऊन रांगंत उबी, त्यांच्यापुढं वाकून माझ्या पाया पडला. झालं, माझं सुरू. कुनीतरी मागनं हसलं. सागर गेला न्हाई लगीच. माझं आवरंपर्यंत तिथंच उबा राहिला, बगत. मंग म्हनला, येतो आबा, आन् गेला.

आता त्यो तिकडं बर्फात हाय. फोनवर जरा जास्त बोलतो, म्हस किती दूध देती, पाटाचं पानी आलं का, असं. त्या रडायचं न्हाई बोलत आमी. सुशीला देवापुढं त्याच्यासाटी आयुष्य मागती, मीबी मागतो, पन मी आनखी एक मागतो. म्हनतो, देवा, त्याला एकदा रडाय येऊ दे. कुनाच्या मरनावर नको. त्याचं लगीन हुईल, पोरगी हुईल, ती सासरी निघंल, तवा येऊ दे, आन् भरल्या मांडवात येऊ दे. फौजीच्या बापानं देवापाशी मागायची गोष्ट हाय का ही? बायकूला अजून सांगितलं न्हाई मी. सांगायची लाज वाटती.