टेम्पोचे पैसे

—नाही नाही, तिथे नका टेकू साहेब, त्या सोफ्याच्या स्प्रिंगा उघड्या आहेत, पँट फाटेल आणि तीही माझ्याच नावावर मांडाल. ह्या खुर्चीवर बसा. हां. बसलात की नाही ऐटीत? आत काथ्या भरलाय मी, फोमबिम नाही—पण ती यादीत घेऊ नका, ती माझी नाही. बाकी कोर्टाने सांगितलीय तशी करा यादी, करा. कात्र्या, हातोड्या, शिलाईचं मशीन—अवजारं सोडतात ना? कोर्टातल्या बाई म्हणाल्या होत्या, दिवाळखोरी जाहीर केली तरी पोटापाण्याची अवजारं राहतात. सोफे गिऱ्हाइकांचे. घरी टीव्ही आहे, तो न्या. फ्रीज न्या. दोन्ही हप्त्यांवरचे, एकाचेही हप्ते पुरे झालेले नाहीत. पण एक सांगून ठेवतो—माझं काय ते न्या, माझ्या माणसांना मध्ये ओढायचं नाही. अक्काला तर नाहीच नाही. थोरली बहीण हो माझी. सोमवारी तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, तीन वर्षं लोंबकळत पडलं होतं, आत्ता कुठे तारीख मिळालीय.

कसं झालं, कसं झालं—जो येतो तो हेच विचारतो. काय सांगू? लोक सोफा दुरुस्त करतात का आता? जरा खचला की बाहेर काढतात आणि हप्त्यांवर नवा आणतात. आणि मी एवढा शहाणा, दिवसभर त्यांना शिव्या घालायच्या आणि संध्याकाळी जाऊन तसाच हप्त्यांवर टीव्ही आणायचा! बायको म्हणाली होती, अहो, आपली भिंत केवढी, हा केवढा. मी म्हटलं, तू गप्प बस. मग बँकेचं क्रेडिट कार्ड आलं. मी मागितलं होतं? छे! फोनवरची बाई इतकी गोड बोलली—सर काय, सर काय—मला जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं हो. मग त्या कार्डाचं भरायला दुसरं कार्ड, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. आणि दर महिन्याला कागद यायचा, त्यावर छापलेलं असायचं—किमान रक्कम. ती भरली की मला वाटायचं, चला, ह्या महिन्याचं सुटलो. छापलंय म्हणजे तेवढंच द्यायचं असणार, नाही का? चार वर्षं भरत राहिलो आणि मुद्दल जागचं हललं नाही! हसा, हसा. बायकोही आधी हसली होती. मग बोलायचीच बंद झाली.

काय? टेम्पो? हो, होता ना, सोफे पोचवायला. विकला. विकला म्हणजे विकला, त्यात काय. पैसे घरात गेले. घरात म्हणजे—घरात हो! तुमच्याकडे खर्च नसतात का? वीज आहे, दुकानाचं भाडं आहे… आणि तुम्ही तो फॉर्म सारखा काय उलटसुलट करताय? सतरावा प्रश्न ना? गेल्या वर्षभरात कुणा नातेवाइकाचं कर्ज फेडलं आहे का? मी लिहिलंय की तिथे, नाही म्हणून. नाही म्हणजे नाही. मला माहितीय तो नियम, कोर्टातल्या बाईंनी वाचून दाखवला होता. सगळ्या घेणेकऱ्यांना सारखं वाटायचं. आपल्या एखाद्याला आधी गुपचूप दिलं असेल, तर तुम्ही जाऊन त्याच्याकडून ते परत आणणार आणि सगळ्यांत वाटणार. कळलंय मला. मी काय बिनडोक आहे?

थांबा, फोन वाजतोय. हॅलो. हो, मीच. अहो ताई, अर्ज केलाय मी कोर्टात, आता तुम्ही मला फोन करायचा नसतो… काय? काय म्हणालात? परत म्हणा! हॅलो—ठेवला. बघितलंत? सकाळपासून वसुलीवाल्यांचा सातवा. म्हणे, घेताना गोड आणि देताना बुडवे. बुडवा! मला! चाळीस वर्षं ह्या दुकानात घासतोय, सोफ्याच्या फटीत सापडलेली अंगठी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन परत केलीय मी, आणि मी बुडवा! आणि तुम्हीही त्याच नजरेने बघताय—हो, बघताय! टेम्पोचे पैसे ह्याने प्यायले नाहीतर जुगारात उडवले, असंच ना? अहो, माझ्या अक्काला विचारा मी बुडवा आहे का! धुलाईच्या कारखान्यात तीस वर्षं वाफेत उभी राहिली ती, गुडघे गेले, आणि नोकरी सुटताना मिळालेले सगळेच्या सगळे पैसे माझ्या हातात ठेवले. कागद नाही, सही नाही. आणि टेम्पो विकला त्याच संध्याकाळी तिच्या घरी जाऊन तिचे तिला मोजून दिले मी, चिल्लरसकट! बसच्या तिकिटापुरतेही उरले नाहीत, चालत आलो घरी! बाकी कुणाचंही बुडो, अक्काचं नाही बुडू दिलं. हे बुडव्याचं काम आहे?

…काय लिहिताय?

नाही, तारीख कशाला? आठवत नाही मला. उन्हाळ्यात कधीतरी. अहो, ते कर्ज नव्हतंच, म्हणून तर तिथे ‘नाही’ लिहिलं ना मी—बहिणीचं कधी कर्ज असतं का? तिचे माझ्याकडे होते, तिचे तिला गेले, संपलं. साहेब, पेन खाली ठेवा आधी. हॉस्पिटलात भरलेत तिने ते. सगळे. परवाच भरलेत. टीव्ही घ्या ना तुम्ही! मशीन घ्या, कात्र्या घ्या, मी स्वतः देतोय ना, जाऊ दे तो अवजारांचा नियम… माझी चूक आहे, माझ्यावर काय खटला भरायचा तो भरा. तिला बोलावणार? अहो, तिला जिना उतरता येत नाही हो.

पत्ता? नाही देणार मी पत्ता.

उठा. त्या खुर्चीवरून आधी उठा. अक्काची आहे ती. ऑपरेशननंतर खाली बसायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून उंच करून घेतलीय. उठा म्हणतोय ना.