चाळीसवरून वीसवर

शिवराज : सिस्टर, त्यो चाळीसचा आकडा तसाच राहू द्या. खाली आणू नका.

राजेश्वरी सिस्टर : शिवराजभाऊ, डॉक्टरांनीच सांगितलंय, वीसवर घ्या म्हणून. ते बघा, समोरच उभे आहेत.

शिवराज : म्हंजी आशा सोडली का? बापापासून लपवू नका.

राजेश्वरी सिस्टर : आशा सोडली असती तर मशीनला हातच लावला नसता. हे मशीन बाळाला मिनिटाला चाळीस श्वास देतंय. त्याला तेवढ्यातच भागतंय, म्हणून स्वतःहून एकही घेत नाही. जरा कमी केले की त्याला गरज वाटेल.

शिवराज : एकबी न्हाय? मग तीन दिवस छाती वरखाली व्हायलीय ती?

राजेश्वरी सिस्टर : तीही मशीनच हलवतंय.

शिवराज : माय, ऐकलंस का? दैवशालाला भूमच्या दवाखान्यात ठिवून आमी ह्येला धाराशिवला आणलं. ती पोटाला टाके घालून पडलीय आन् रोज फोनवर इचारती, लेकरू श्वास घ्यायलंय का. म्या रोज व्हय म्हणायलो.

म्हाळसाबाई : ऐकलं बाबा. मास्क नीट कर, नाक उघडं पडलंय.

राजेश्वरी सिस्टर : आजी, तुम्ही नातवाच्या पायाशी उभ्या राहा. कमी करते आता.

शिवराज : थांबा. आन् त्येनं न्हाईच घेतला तर?

राजेश्वरी सिस्टर : पायाला तो तांबडा दिवा गुंडाळलाय ना, त्यावरून ऑक्सिजनचा आकडा इथं दिसतो. तो फार पडला की मी लगेच वाढवते. मी कुठं जात नाही.

शिवराज : लई भ्या वाटायलंय, सिस्टर.

राजेश्वरी सिस्टर : मलाही वाटतं. दर वेळी वाटतं. झालं, वीसवर आलं.

(मशीनचा एक श्वास येतो, मग नुसतीच शांतता, मग पुन्हा एक.)

शिवराज : ब्याण्णव होतं. नव्वद झालं.

राजेश्वरी सिस्टर : दिसतंय मला.

शिवराज : अठ्ठ्याऐंशी. वाढवा की सिस्टर, पाया पडतो तुमच्या.

राजेश्वरी सिस्टर : अजून थोडं थांबू.

म्हाळसाबाई : शिवा, आकडा सोड. बरगडीखाली बघ.

शिवराज : हललं. परत हललं, घाईघाईनं दोनदा. आता कायच न्हाय. सिस्टर, ह्ये बिघडलं. आधी कसं एकसारखं चालू होतं.

राजेश्वरी सिस्टर : बिघडलं नाही. ते मधले त्याचे स्वतःचे आहेत, मशीननं खूण दाखवली बघा. सातव्या महिन्यात आलेलं बाळ असंच घेतं, अडखळत. आकडाही चढला, एक्क्याण्णव.

शिवराज : माय, आता कामून रडायलीस? घ्यायलाय की त्यो.

म्हाळसाबाई : मेंढीचं पिल्लू जल्मलं की म्या आधी त्येची बरगडीच बघती. जिता जीव असा मापून श्वास घेत न्हाय. त्यो एकसारखा श्वास आपल्या लेकराचा न्हाय, ह्ये मला पैल्या दिवशीच कळलं होतं, शिवा. तुला सांगायचा धीर झाला न्हाय.