रिकाम्या बाटलीचं कलम

सही करण्याआधी करार वाचावा म्हणतात. मी वाचला होता, तरी फसलो. ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. एका काजू कारखान्याच्या कामगारांना माझ्या दुकानातून औषधं द्यायची आणि नियम ठरवणार सावंतवाडीतला एक मध्यस्थ. त्याचं कलम असं, की आधीची बाटली रिकामी करून परत आणल्याशिवाय पुढची द्यायची नाही. औषध खरंच पोटात गेलं, याचा तो पुरावा म्हणे.

धामापूरची एक बाई नवऱ्याच्या दम्याचं औषध न्यायला हात हलवत आली. मी विचारलं, "बाटली खंय?"

"तिची चिमणी केलंय. रॉकेल घालून घरात तीच पेटता. ती दुकानात हाडलंय तर काळोखात घोवाक औषध कसा पाजू?"

तिचं काय चुकलं? मी औषध दिलं. आठवड्याच्या आत, जमा झालेल्या बाटल्यांत एक कमी भरली म्हणून मध्यस्थाने मला बोलावून घेतलं.

"तुम्ही करार मोडलात. ती बाटली आणा, नाहीतर त्या कामगाराचं औषध बंद."

त्याच्या टेबलावर गोंदाची बाटली होती, माझ्या दुकानाची चिठ्ठी अजून तिच्यावर. पुरावा म्हणून जमा केलेल्यांतलीच एक. मी ती उचलून त्याच्यापुढे ठेवली. "ही घ्या. माझ्याच दुकानातली आहे."

त्याने ती उजेडात धरून नीट पाहिली. मग शांतपणे म्हणतो, "चालणार नाही. रिकामी नाहीये."

मी करार तिथेच फाडला आणि दोन्ही तुकडे त्याच्या हातात दिले. म्हटलं, "चिकटवा आता. गोंद आहेच."